तिथी बघून धावणं

चाळिशी उलटेपर्यंत मी एस्टी पकडण्यापलीकडे कधी धावले नव्हते. राहते अर्नाळ्यात, नोकरी अंधेरीला. सकाळी बसने विरार स्टेशन, तिथून लोकल, संध्याकाळी तोच रस्ता उलटा. मग एका दिवाळीच्या तोंडावर रक्त तपासलं आणि साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळी नको, पण घाम येईल असं काहीतरी नेमाने करा. त्यांनी रक्तदाब बघितला, ईसीजी काढला आणि हळूहळू धावायलाही हरकत नाही म्हणाले. जिमला जायचं तर पुन्हा विरार गाठावं लागणार. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर आहे. म्हणून धावायचं ठरवलं. आवड वगैरे काही नव्हती.

भाऊबीज झाली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि तुळशीच्या लग्नाआधीच्या आठवड्यात मी सुरुवात केली. सकाळी सव्वासहाला सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर आले. पाणी बरंच वर होतं. खालची ओली, घट्ट वाळू पाण्याखाली आणि माझ्या वाट्याला वरची भुसभुशीत पट्टी. त्यात पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतायचा. मिनिटभरात छाती फुटेल असं वाटलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. पोटऱ्या इतक्या दुखल्या की विरार स्टेशनचा जिना कठड्याला धरून उतरले. हे आपलं काम नाही, असं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

नंतर वाचनात आलं की बेल्जियमच्या संशोधकांनी हे १९९८ मध्ये मोजून दाखवलं आहे. मऊ वाळूत धावायला कडक जमिनीच्या साधारण १.६ पट ऊर्जा लागते. म्हणजे नवख्या माणसाने जिथे अजिबात जाऊ नये, नेमकी तिथून माझी सुरुवात झाली होती. पण हे त्या आठवड्यात कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने, आणि त्याच्या पद्धतीने.

"बाय, आज आठम हाय. आता पाणी वरच असनार. पुनवेला ये."

मी थांबून नीट विचारलं तेव्हा त्यांनी हिशोब सांगितला. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना तो तोंडपाठ असतो. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, ज्याला इथे सुकती म्हणतात. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण धावायला एवढा अंदाज पुरतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेच या पाऊणपटीत धरलेलं आहे. अर्नाळ्यात आयुष्य गेलं आणि हा हिशोब मला येत नव्हता. आमच्या घरात कुणी समुद्रावर जाणारं नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला पुन्हा गेले. तोच किनारा ओळखू येईना. पाणी लांब आत गेलेलं, मध्ये ओल्या वाळूचं मोठं मैदान. वाळू इतकी घट्ट की चपलेचा ठसा जेमतेम उठत होता. समोर बेटावरचा अर्नाळ्याचा किल्ला नेहमीपेक्षा जवळ वाटत होता. त्या दिवशी मी धावले कमी आणि चालले जास्त, पण पाय रुतला नाही. परत जावंसं वाटलं, एवढं मात्र झालं.

मग पद्धत शोधली. भाच्याने एक जुना कार्यक्रम मोबाइलवर पाठवला. जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये तो बनवला. पन्नाशीतल्या त्याच्या आईसारख्या, कधीही न धावलेल्या माणसांसाठी. आठवड्यातून तीनच दिवस. आधी पाच मिनिटं भरभर चालायचं. मग ६० सेकंद हळू धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं एकूण २० मिनिटं. दर आठवड्याला धावणं थोडं वाढवायचं आणि चालणं कमी करायचं. नऊ आठवड्यांत माणूस न थांबता अर्धा तास धावतो, असा त्याचा आराखडा. मला नऊ आठवड्यांच्या दुपटीहून जास्त लागले. काही आठवडे मी पुन्हा पुन्हा केले. कुणी परीक्षा घेत नसतं, त्यामुळे बिघडलं काहीच नाही.

लोकांचं बोलणं ऐकावं लागलं. "एस्टी चुकली का?" हा पहिला प्रश्न. अर्नाळ्यात एस्टीचं आगार आहे, त्यामुळे तो विनोद सगळ्यांना सुचतो. "कोण मागं लागलंय?" हा दुसरा. सुरुवातीला मी पंजाबी ड्रेस आणि बूट घालून जायचे, ओढणी गळ्यावरून घेऊन कमरेला बांधून. ट्रॅक पँट घालायला लाज वाटत होती. पुढे ओढणी घामाने गळ्याला घासायला लागली तेव्हा ती घरी राहिली. दोन आठवड्यांत लोकांचं बघणं थांबलं. मासळीवाल्या बायकांना सकाळी माझ्याकडे बघायला वेळ नसतो. होडी लागली की त्यांची खरी धावपळ सुरू होते.

थंडीत अंग हलकं वाटायला लागलं आणि मी तीन दिवसांऐवजी रोज जाऊ लागले. पंधरवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं. बोटाने दाबलं की कळ यायची. विरारच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्या म्हणाल्या, दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूंना सवय व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून मध्ये विश्रांतीचा दिवस हवाच. त्यांनी दोन आठवडे फक्त चालायला सांगितलं, पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वरखाली करायला शिकवलं आणि पावलं छोटी टाकायला सांगितली. नडगीचं दुखणं थांबलं.

पुढे उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू धरली. याचं कारण कळायला वेळ लागला. मी किनाऱ्याने दक्षिणेला नवापूरच्या दिशेने जायचे आणि येताना गावातल्या रस्त्याने यायचे. किनारा समुद्राकडे उतरता असतो. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय कायम खालच्या बाजूला पडणार. फिजिओथेरपिस्ट ताईंनी बुटांचे तळवे बघितले, रस्ता विचारला आणि उपाय सांगितला. जितकं जायचं तितकंच त्याच पट्टीवरून परत यायचं, म्हणजे दोन्ही पायांचा हिशोब सारखा होतो. आणि पाणी पूर्ण ओसरलेलं असताना अगदी खालच्या सपाट भागातच धावायचं. महिनाभरात गुडघा बरा झाला.

किनाऱ्यावरच्या बाकीच्या गोष्टी सवयीने कळल्या. होड्यांचे दोर वाळूत अर्धे पुरलेले असतात, अंधारात दिसत नाहीत. उजाडल्याशिवाय होड्यांच्या भागात जायचं नाही. अनवाणी धावणं चित्रात छान दिसतं, पण रविवारी पर्यटक येऊन गेले की सोमवारी वाळूत बाटल्यांच्या काचा असतात. बूट घालायचेच, अर्ध्या नंबराने मोठे घेतलेले बरे. खारं पाणी लागलं की बूट गोड्या पाण्यात खळबळायचे, आत वर्तमानपत्र कोंबायचं आणि सावलीत वाळवायचे. कुत्री अंगावर आली तर धावायचं थांबवून चालायला लागायचं. आमच्या भागातली कुत्री तरी चालणाऱ्याच्या वाटेला जात नाहीत. उत्तरेला वैतरणा नदीच्या मुखाकडे पाण्याला ओढ असते आणि काही ठिकाणी गाळ आहे. तिकडे मी जात नाही.

इतकं सगळं झालं तरी धावणं आवडत नव्हतं. उरकायचं काम होतं ते. मोबाइल हातात, दर मिनिटाला घड्याळाकडे नजर, कालच्यापेक्षा हळू झालं की दिवसभर चिडचिड. बदल झाला शेजारच्या वहिनींमुळे. त्यांना गुडघे सांभाळायचे होते, म्हणून सोबत यायला लागल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बोलता येईल तेवढंच पळूया. बोलणं बंद पडलं की चालायचं." त्यांना फक्त गप्पा मारायच्या होत्या. पण धावण्याचा योग्य वेग ओळखायची हीच खूण जाणकार सांगतात. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मी आतापर्यंत किती जोरात धावत होते ते त्या दिवशी कळलं. वहिनींच्या वेगाने धावले तर धाप लागेना. त्यांच्या सुनेची गोष्ट अर्धी राहिली म्हणून आम्ही नवापूरच्या बाजूला नेहमीपेक्षा लांब गेलो. परत आलो तेव्हा मला अजून थोडं धावायचं होतं. असं पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर मोबाइल कमरेच्या पिशवीत गेला. फक्त वेळ लावायची, अंतर बघायचं नाही. नजर मोकळी झाली तशा बांबूच्या वलांडींवर सुकणारे बोंबील, होडीतून उतरणाऱ्या पाट्या, किल्ल्याकडे निघालेली पहिली बोट हे सगळं दिसायला लागलं.

दुसरा बदल कॅलेंडरने केला. रोज एकाच वेळी, एकाच जागी धावायचा माझा हट्ट समुद्राने चालू दिला नाही. ऑफिसमुळे वेळ फारशी बदलता येत नाही, मग जागा बदलायची. चतुर्दशीपासून चतुर्थीपर्यंत सकाळी सुकती असते. ते दिवस किनाऱ्याचे. पंचमीच्या पुढे सकाळचं पाणी वर सरकत जातं. अष्टमी-नवमीला, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, सकाळी किनाऱ्यावर मऊ वाळूच उरते. ते दिवस आगाशीच्या रस्त्याचे. तिकडे केळीच्या वाड्या आहेत, बावखलं म्हणजे छोटी तळी आहेत, चाफ्याच्या करंड्या घेऊन दादरची गाडी गाठणारी माणसं आहेत. पंधरवडा असा वाटला गेल्यावर कंटाळा येईना. चतुर्दशी जवळ आली की मी वाट बघायला लागते. रस्त्याच्या कडक जमिनीवर मात्र एक फेरी कमी करते.

उन्हाळ्यात दमट हवेने हाल होतात. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला निघायचं, वेग आणखी कमी करायचा, आल्यावर मीठ घातलेलं लिंबूपाणी प्यायचं. दोनदा डोकं गरगरलं तेव्हा हे कळलं. पावसाळ्यात किनारा सोडून द्यायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात. दर्यावर्दी माणसं ज्या समुद्रापासून दोन महिने लांब राहतात, तिथे आपण जायचं काही कारण नाही. उधाणाच्या लाटा सुरूच्या बुंध्यांपर्यंत येतात. त्या दिवसांत रस्त्याने, पाऊस थांबेल तेव्हा. अनेकदा तो थांबत नाही. पहिल्या पावसाळ्यात माझं धावणं जवळजवळ बंदच पडलं. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा ६० सेकंद आणि ९० सेकंदांपासून सुरुवात केली. मागच्या वेळेपेक्षा निम्म्या वेळात जुन्या जागी पोचले.

आता न थांबता पाच किलोमीटर होतात. पाऊण तास लागतो, कधी जास्त. साखर पुढच्या तपासणीत काठाच्या आत आली. धावण्यामुळे की रात्रीचा भात कमी केल्यामुळे, ते सांगता येणार नाही. २०११ पासून वसई-विरारची मॅरेथॉन होते. कोविडची वर्षं सोडली तर थंडीत हजारो लोक धावतात आणि त्यात छोट्या अंतराच्या शर्यतीही असतात. वहिनी दरवर्षी म्हणतात नाव देऊया. छातीवर नंबर लावून लोकांसमोर शेवटी यायची मला अजून भीती वाटते. बघू.

कुणाला किनाऱ्यावर सुरुवात करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग कॅलेंडर उघडा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा. एक मिनिट धावा, दीड मिनिट चाला. सोबत बोलणारं माणूस घ्या. लगेच पुढच्या दिवशी जाऊ नका, एक दिवस सोडून जा. अष्टमी आली की रस्त्यावर या. आणि पहिला महिनाभर धावणं आवडलं नाही तर तेवढ्यावरून काही ठरवू नका. मला वहिनी भेटेपर्यंत थंडी संपत आली होती.