हृदयाचा स्वतःचा वाटा

गेल्या जानेवारीत दारातला बर्फ उपसताना ह्यांच्या छातीत आवळल्यासारखं झालं. "गॅस असेल," असं आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं. ओवा खाल्ला, आल्याचा चहा झाला, दहा मिनिटांत बरं वाटलं आणि विषय मिटला. आठवड्याने पुन्हा तेच. तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ई.सी.जी. अगदी नॉर्मल! आम्ही हुश्श केलं. पण त्यांनी ट्रेडमिलवर चालवलं, पुढे अँजिओग्राफी झाली आणि एक धमनी बरीच अरुंद झालेली निघाली.

आमचा प्रश्न एकच होता. बसल्यावर सगळं ठीक, मग श्रम केल्यावरच का बिघडतं? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, ते आपल्या मंडळींनाही सांगावंसं वाटतं.

हृदय साऱ्या शरीराला रक्त वाढतं, पण त्याचं स्वतःचं पान वेगळं मांडावं लागतं. महारोहिणीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन धमन्या त्याला रक्त पुरवतात, विश्रांतीत मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर. डाव्या बाजूला तेही मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं, कारण आकुंचन पावताना स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबतो. नाडी जलद झाली की हा विसावाही आखडतो.

हातापायांचे स्नायू गरज पडली तर रक्तातला जास्त प्राणवायू ओढून घेतात. हृदय मात्र बसल्या जागीच सुमारे ७० टक्के काढून घेतं. शिल्लक थोडी, म्हणून काम वाढलं की रक्तच जास्त आणावं लागतं, निरोगी माणसात चार-पाच पटींपर्यंत. त्यासाठी स्नायूतून ॲडेनोसिनसारखी द्रव्यं आणि वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि बारीक धमन्या सैल होतात. ह्या नायट्रिक ऑक्साइडवरच्या संशोधनाला १९९८ साली नोबेल मिळालं. जिभेखाली ठेवायची गोळीही शरीरात तेच द्रव्य देते.

मेख इथेच आहे. मोठी धमनी अरुंद झाली की पुढच्या बारीक धमन्या आधीच सैल होऊन तूट भरून काढतात. म्हणून बसलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. मग बर्फ उपसताना मागणी वाढते, थंडीने रक्तदाब चढतो, पण तोटी तर आधीच पूर्ण उघडलेली! आणखी किती उघडणार?

ह्यांना स्टेंट बसवला. आता आम्ही रोज दोघं चालायला जातो आणि बर्फ शेजारचा मुलगा उपसतो.

आपल्या लोकांना हा आजार लवकर गाठतो. श्रमाने छाती आवळते आणि थांबल्यावर सुटते, त्याला गॅस म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि थांबूनही सुटत नसेल, तर ओवा शोधू नका, सरळ ९११ फिरवा. आम्ही एक आठवडा घालवला. नशिबाने निभावलं, पण त्या आठवड्याची आठवण झाली की अजून आमच्या पोटात गोळा येतो.