गर्जेल तो पडेल काय?

पुण्यात सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना आमच्या घरातील प्रत्येक पिढीने एकच विनोद केला आहे : वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी. हा विनोद आम्ही सामानाबरोबर अमेरिकेतही नेला होता, हे मला २०१५ च्या जानेवारीत उमगले.

मुलाकडे जाणारे आईवडील सहसा उन्हाळा पाहून जातात. आम्हांला नातवाच्या जन्मामुळे ऋतू निवडता आला नाही. डिसेंबरात आम्ही न्यू जर्सीतील एडिसनला पोहोचलो. ह्यांचे वय तेव्हा बहात्तर. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, प्रकृती एरवी ठणठणीत. एडिसन तसे परके वाटत नाही. ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून ज्वारीच्या पिठापर्यंत सारे मिळते, दुकानात मागे कोणीतरी मराठीत भाव विचारत असते. परके वाटते ते खिडकीबाहेर : पाने झडलेली उंच झाडे, पाचच्या सुमारास उतरणारा काळोख आणि रस्त्यावर माणूस नाही.

२५ जानेवारीच्या रविवारी भाकीत आले. न्यूयॉर्क परिसरात वीस ते तीस इंच बर्फ! हे शहराच्या इतिहासातील सर्वांत मोठे हिमवादळ ठरू शकेल, असे तेथील महापौरांनी सांगितले. दुकानांतून दूध, पाव आणि रस्त्यावर टाकायचे जाड मीठ पाहता पाहता नाहीसे झाले. सोमवारी दिल्लीच्या संचलनाची दृश्ये पाहावीत म्हणून दूरचित्रवाणी लावली, तर वाहिन्यावाहिन्यांवर निळा-जांभळा नकाशा. ओबामा दिल्लीत, आणि त्यांचा देश बर्फाची वाट पाहत बसलेला. रात्री अकरापासून खासगी वाहनांना बंदी झाली. १९०४ पासून धावणारी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे केवळ बर्फाच्या भयाने त्या रात्री प्रथमच बंद ठेवण्यात आली. मुलाने विजेऱ्या काढून ठेवल्या, सुनेने बाळाचे दूध मोजले. मी ह्यांच्या गोळ्या मोजल्या; अकरा दिवसांच्या होत्या. मला झोप आली नाही.

सकाळी पडदा सारला तर वीतभरही बर्फ नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ९.८ इंच भरला. शेजारी हसत होते, वाहिन्यांचे निवेदक ओशाळले होते. न्यू जर्सीतील हवामान कार्यालयाच्या एका अधिकाऱ्याने तर जाहीर क्षमा मागितली होती. मला त्या माणसाविषयी आदर वाटला. आपल्याकडे चुकलेल्या भाकिताबद्दल कोणी क्षमा मागितल्याचे माझ्या तरी आठवणीत नाही. ह्यांनी मात्र चहाचा पेला हातात घेऊन म्हण ऐकवली, "गर्जेल तो पडेल काय!"

खरे म्हणजे वादळ आले होते, फक्त थोडे पूर्वेकडून गेले. ही वादळे अटलांटिकच्या किनाऱ्याला समांतर वर सरकतात. त्यांच्या हिमपट्ट्याची पश्चिम कड धारदार असते. वादळाचे केंद्र पन्नास-साठ मैल समुद्राकडे सरकले, की एका गावाचे दोन फूट दुसऱ्या गावात काही इंच होतात. संगणकीय प्रारूपांतही त्या वेळी एकवाक्यता नव्हती. बॉस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीच्या दारात त्याच रात्री दोन फूट बर्फ साचला. तिच्या लेखी भाकीत तंतोतंत होते.

हे सारे मला नंतर कळले. त्या सकाळी घरात सुटकेचा आनंद होता आणि आनंदात माणूस बेसावध असतो. घरापुढचा पदपथ मोकळा करणे तेथे घरमालकाचे काम. मुलगा बाळाला घेऊन बसला होता. "एवढासा तर बर्फ," म्हणत न्याहारी होताच हे त्याचे जाकीट चढवून बाहेर पडले. मी अडवले नाही. तीस इंच पडला असता तर दाराला कडी घातली असती.

वरवरचा भुसभुशीत बर्फ सहज निघाला. पण रस्ता साफ करणारे यंत्र जाताना घराच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध लोटून जाते. तो दाबलेला आणि ओल्या वाळूसारखा जड असतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिले, तर हे फावड्यावर दोन्ही हात टेकून उभे होते आणि हलत नव्हते. चेहरा राखेसारखा झाला होता. सुनेने ९११ ला फोन केला.

रुग्णवाहिका लवकर आली, कारण रस्ते मोकळे होते. भाकीत खरे ठरले असते तर ती येऊ शकली नसती. आणि भाकीत खरे ठरले असते तर हे बाहेर पडलेच नसते. या दोन वाक्यांचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

झटका नव्हता, हृदयाला रक्त अपुरे पडले होते. एक रात्र ठेवून घेतले. तेथील डॉक्टरांनी समजावले ते आपल्याकडच्या हृदयरुग्णांनीही ऐकण्यासारखे आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यात हातांनी जड वजन उचलण्याचे श्रम, श्वास रोखून धरण्याची सवय आणि भरले पोट. हृदयाची मागणी वाढते त्याच क्षणी पुरवठा कमी होतो. हृदयविकार असलेल्याने फावडे हाती घेऊच नये, बर्फ कितीही थोडा असो, असे त्यांनी बजावले. छातीत, जबड्यात वा हातात जडपणा वाटला, दम लागला किंवा थंड घाम फुटला, तर 'जरा बसतो, थांबेल' म्हणत वेळ घालवू नये.

उरलेले सहा आठवडे आम्ही निराळे वागलो. आकडा ऐकून भ्यायचे किंवा हसायचे सोडले. किती इंच, याऐवजी बाहेर कोणाला काय काम आहे, ते विचारू लागलो. दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि डांबरावर त्याचा पारदर्शक थर बसतो. त्याला तेथे ब्लॅक आइस म्हणतात. तो दिसत नाही, ओला रस्ताच वाटतो. म्हणून बाहेर पडायचे ते ऊन चढल्यावर. बुटांना दातेरी रबरी पट्टे, हात खिशाबाहेर, पूर्ण तळवा टेकवून बदकासारखी लहान लहान पावले. घरातील तापकामुळे हवा कोरडी होते आणि थंडीत, त्यातही उतारवयात, तहान जाणवत नाही; मी टेबलावर तांब्या भरून ठेवी आणि संध्याकाळी तो रिकामा झाला का, ते पाही. हे चिडत, पण पीत.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुण्यात होतो. त्या वेळी न्यूयॉर्कचे पहिले अंदाज बेताचे होते. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कात २७.५ इंच बर्फ पडला, तेथील नोंदींतला सर्वाधिक. मुलाचा फोन आला तेव्हा हे गच्चीत उन्हात बसले होते. आकडा त्यांनी अर्धवटच ऐकला. बर्फ काढायला यंत्रवाला मुलगा आला का, एवढेच विचारले. आणि तो अजून आलेला नाही म्हटल्यावर, येईपर्यंत फोन चालू ठेव, असे सांगून ते स्वस्थ बसून राहिले.