मुले तीच, निकाल वेगळा

बाकी सारे सारखे असेल, तरच बदललेल्या घटकाचे मोल ठरते. इतिहास शिकविताना तुलनेचा हा नियम आम्ही सांगत आलो आहोत. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. त्यात अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाच्या संघाने २०१२ मध्ये बारांपैकी तीनच सामने जिंकले. प्रशिक्षक जीन चिझिक गेले, गस मालझान आले. २०१३ मध्ये १४ पैकी १२ सामने जिंकून संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला. बरेचसे खेळाडू तेच होते.

मात्र क्वार्टरबॅक निक मार्शल नवा होता, आणि २०१५ मध्ये मालझान यांच्याच संघाला १३ पैकी सातच विजय मिळाले. तेव्हा सारे श्रेय प्रशिक्षकाला देणे न्याय्य नव्हे. परंतु २०१२ च्या अखेरीस त्या मुलांवर ‘कच्ची’ असा शिक्का मारणे त्याहून अन्यायाचे ठरले असते.

घरात प्रथमच पाटी आलेली मुले आपल्या वसतिगृहांत येतात. त्यांचा निकाल खालावला, तर ‘यंदाची मुलेच तशी’ असे म्हणण्याआधी आम्ही शिक्षकांनी स्वतःची शिकवण तपासावी.