चोर्ला घाट आणि बाबांची अठरा वर्षांची गाडी

आम्हा बेळगावकरांना गोव्याला जायचं म्हणजे चोर्ला घाट. पिरनवाडी सोडायची, जांबोटीला चहा घ्यायचा, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी हात जोडायचे आणि माउलीचं दर्शन घेऊन घाटाला लागायचं. म्हार्दोळची म्हाळसा ही आमची कुलदेवता. त्यामुळे वर्षातून एकदा तरी ही वाट ठरलेली, आणि २००७ पासून गाडीही ठरलेली: बाबांची चंदेरी हॅचबॅक.

मी नोकरीसाठी बेंगळुरूला असतो. गेल्या दिवाळीनंतर घरी आलो होतो, तेव्हा आम्ही तिघं शनिवारी सकाळी निघालो. गाडी बाबाच चालवत होते. कणकुंबीपर्यंत सगळं ठीक होतं. फक्त खड्ड्यात पुढून खडखड यायची आणि चढावर इंजिन ओरडायचं, पण गाडी तेवढी ओढायची नाही. "क्लच जरा घासलाय. चालतंय की," बाबा म्हणाले.

घाट उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर बाबा एकदम गप्प झाले. त्यांचा पाय ब्रेकवर पार खाली गेला होता. गाडीचा वेग कमी होत होता, पण हवा तेवढा नाही. "बाबा, दुसऱ्यावर घ्या," मी म्हणालो. त्यांनी गिअर उतरवला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. खाली अंजुणे धरणाचं पाणी चमकत होतं. चाकांना जळकट वास येत होता. आईनं बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला घेतलं, ते मी थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते.

घडलं ते असं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओलावा धरलेलं ऑइल लवकर उकळतं. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकं तापतात, ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरा.

पाऊण तासानं पेडल पुन्हा घट्ट झालं. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आम्ही केरीपर्यंत उतरलो. टपरीवर चहा घेताना बाबा म्हणाले, "दोन महिने झाले, पेडल मऊ लागतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, विकून टाका."

मला उत्तर सुचलं नाही. दर फोनवर मी हेच विचारत होतो: गाडी कधी विकताय? गाडी कशी आहे, असं मी कधी विचारलंच नव्हतं.

साखळीच्या एका गॅरेजमध्ये ऑइल काढलं तर ते चहासारखं काळं. मागच्या एका चाकाचा सिलिंडरही पाझरत होता. तो आणि ऑइल बदलून आम्ही माशेलमार्गे म्हार्दोळ गाठलं. दर्शनाला उशीर झाला, पण झालं.

सोमवारी गाडी उद्यमबागेतल्या मिस्त्रींकडे नेली आणि पहिल्यांदाच बसून सगळी यादी केली. साखळीचा खर्च धरून ब्रेकचं काम, म्हणजे पुढचे पॅड, मागचे शू, सिलिंडर आणि ऑइल, ४,२०० रुपये. रेडिएटरचे होज, थर्मोस्टॅट आणि कूलंट २,४००. इतकी वर्षं नळाचं पाणी घालून आत गंज धरला होता. क्लच सेट ६,८००. पुढचे बुश, लिंक आणि अलाइनमेंट ३,१००. चार टायर १३,२००. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. आमचा ३४१७ होता, म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसत होती, पण रबराला भेगा पडल्या होत्या.

एकूण २९,७०० रुपये. गाडीला बाजारात साठ हजार आले तरी खूप. माझ्यातला इंजिनिअर म्हणाला, हा तोट्याचा व्यवहार आहे. पण ब्रेक, टायर आणि कूलिंग यांचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडायचाच नसतो. तो गाडीत बसणाऱ्यांसाठी असतो. दाराखालचा गंज, उडालेला रंग, कमी गार करणारा एसी, ही कामं आम्ही सोडून दिली.

खरा निर्णय २०२७ मध्ये घ्यायचा आहे. १५ वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, बाबांनी ५,००० रुपये शुल्क भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवली होती. आता २० वर्षांवरच्या मोटारीला हेच शुल्क १०,००० झालंय, शिवाय फिटनेस तपासणी आहेच. तेव्हा पुन्हा यादी करू, आणि या वेळी बाबांना विचारून.

तुमच्याही घरी अशी जुनी गाडी असेल. सुट्टीला गेलात की एकदा स्वतः चालवून बघा. पेडल, टायरवरचा शिक्का आणि ऑइलचा रंग बघायला दहा मिनिटं पुरतात.

परवा फोनवर मी विचारलं, "पेडल कसं आहे?"

"घट्ट आहे," बाबा म्हणाले. "तू कधी येतोस?"