काखेतला पाना

जानेवारीतल्या एका सकाळी स्कूटरचा ब्रेक आवळून घ्यायला कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. शटर नुकतंच वर गेलं होतं. सतरा-अठराचा एक पोरगा मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाक लाल, आणि स्वेटरच्या आत, उजव्या काखेत, बारा-तेराचा पाना. त्याचं एक टोक गळ्यातून बाहेर डोकावत होतं. डाव्या हातानं तो हत्यारांच्या ट्रेमध्ये काहीतरी चाचपत होता. मला लगेच म्हण आठवली, आणि म्हण आठवली की ती खर्चल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, "अरे, काखेत कळसा आहे बघ तुझ्या."

तो मान वर न करता म्हणाला, "माहितीये काका. गरम करतोय. स्क्रू-ड्रायव्हर सापडंना."

मी मुकाट्यानं बाकड्यावर जाऊन बसलो.

खरं तर रात्रभर एकाच ट्रेमध्ये पडलेला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ सारखीच गार असतात. पण पोलाद हावरं. लाकडाच्या कितीतरी पट घाईनं ते हातातली ऊब ओढून घेतं, आणि त्या ओढण्यालाच आपण 'गार लागलं' म्हणतो. पान्याची जमेची बाजू एवढीच की त्याचा जीव लहान, शंभर-दीडशे ग्रॅमचा. काखेत पाच मिनिटं ठेवला की त्याचं पोट भरतं, मग तो हाताकडे काही मागत नाही. हातमोज्यांनी हे साधत नाही. मोजा घातलेल्या बोटांना नट सापडतो, पण नट काय म्हणतोय ते कळत नाही.

'गुलाबी थंडी' हा शब्द ज्यानं काढला त्याच्या हातात कप असणार. पाना नक्की नसणार.

माझ्या मामांचं निफाडच्या अलीकडे, रस्त्याला लागून इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं. शेतावरची डिझेल इंजिनं, फवारणीचे पंप, अधूनमधून ट्रॅक्टर. निफाडच्या थंडीचं कौतुक वर्तमानपत्रांना दरवर्षी असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पहिल्या पानावर येतो. 2018 च्या डिसेंबरअखेरीस तो 2 अंशांच्याही खाली गेला होता. मी तिथे दोन हिवाळे काढले ते त्याच्या बऱ्याच आधी, 1985 च्या सुमारास. बारावीत गटांगळी खाल्ली होती आणि घरच्यांच्या मते हाताला काम लागलं की डोकं ठिकाणावर येतं. तेव्हा अंश कोणी मोजत नव्हतं. सकाळी हँडपंपाची दांडी हाताला चिकटल्यासारखी वाटली की मामा म्हणायचे, "आज आहे बरं का."

दुकानाला तीन भिंती आणि वर पत्रे. चौथी बाजू सरळ रस्त्याकडे उघडी. रात्री पत्रा इतका गार व्हायचा की आतल्या बाजूनं दव धरायचं, आणि आठाच्या सुमारास ऊन लागलं की ते थेंबाथेंबानं मानेवर पडायचं. नेमकं मानेवरच. आत शेकोटी पेटवायला सक्त बंदी, कारण कोपऱ्यात पेट्रोलची कॅन आणि जमिनीवर डिझेलचे ओघळ. शेकोटी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी. तिकडे जाऊन शेकायचं आणि परत येऊन गारठायचं, यात अर्धा दिवस जातो हे मामांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आणून दिलं.

त्यांचं म्हणणं होतं, थंडी वरून येत नाही, खालून येते. कोबा माणसाला पितो. म्हणून ते पुठ्ठे जमवायचे. ट्रॅक्टरखाली आडवं व्हायचं तर गोणपाट नाही, सतरंजी नाही, पुठ्ठाच. तोही नळ्यानळ्यांचा, ज्याच्या पोटात हवा असते तो. द्राक्षाच्या पेट्यांचा पुठ्ठा त्यांना सगळ्यात प्रिय. ऑइल पिऊन तो मऊ पडला की बाद. दोन पुठ्ठे एकावर एक टाकून त्यांच्यावर पाठ टेकली की खरंच पाठीला आपलीच ऊब परत मिळाल्यासारखी वाटायची. पुढे मी बऱ्यापैकी महागड्या गाद्यांवर झोपलो. त्यातली एकही तशी आठवत नाही.

गिऱ्हाइकांच्या बाबतीतही हिवाळ्याचा कायदा वेगळा. उन्हाळ्यात तापलेला ट्रॅक्टर आला की मामा त्याला निंबाखाली तासभर उभा करायचे. हिवाळ्यात तोच ट्रॅक्टर सगळ्यांच्या आधी आत. त्याच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये तास-दीड तासाची ऊब साठवलेली असायची. आम्ही त्याच्याभोवती असे गोळा व्हायचो की मालकाला वाटावं, काय आस्थेनं बघताहेत. ब्लॉकवर फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी ठेवल्या जायच्या. भाकरीला डिझेलचा किंचित वास यायचा. मला तो आवडायचा, अजूनही आवडतो, पण हे घरी बोलता येत नाही.

बेअरिंग बसवायचा दिवस म्हणजे सण. बेअरिंग शाफ्टवर हातोडीनं ठोकून बसवणाऱ्याला मामा मिस्त्री म्हणत नसत. ते पातेल्यात ऑइल घेऊन, दुकानाबाहेर स्टोव्हवर ठेवून त्यात बेअरिंग तापवायचे. पन्नास मिलिमीटर भोकाचं बेअरिंग ऐंशी-एक अंशांनी तापलं तर ते भोक मिलिमीटरच्या जेमतेम पाच शतांशानं रुंदावतं. म्हणजे एखाद्या बारीक केसाएवढं. तेवढ्यावर काम होतं. चिमट्यानं उचललं, शाफ्टवर धरलं की ते सरकन आपल्या जागी जाऊन बसतं, आणि निवता निवता शाफ्टला असं आवळतं की पुन्हा काढायला पुलर लागतो. पिस्टनचंही तसंच. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. उकळत्या पाण्यात पिस्टन टाकला की जी पिन एरवी हलत नाही ती अंगठ्यानं आत जाते. तो पिस्टन फडक्यात गुंडाळून हातात धरणं हे माझं काम. ते मी कोणाला देत नसे. एक पिस्टन, दोन्ही तळहात, दोन मिनिटं.

आणि उजेडाचा दिवा. जाळीतला शंभर वॅटचा बल्ब, लांब वायरचा. त्यातल्या विजेचा फार थोडा भाग उजेड व्हायचा, बाकी सगळी ऊब. मामा तो इंजिनावर लावताना हळूच आपल्या पोटाशी आणायचे. परवाच्या त्या पोराकडे एलईडी होता, पांढराफटक, चौपट उजेडाचा. वीज वाचते, मान्य. पण तो पोटाशी धरून काय करणार?

हातांच्या भेगांसाठी मामांच्या पेटीत कोकमेलाचा गोळा असायचा. तो माझ्यामुळे आला होता. वडिलांच्या आईचं माहेर मालवणकडचं. ती कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेलं तूप गोळा करून अंड्याएवढे गोळे वळायची. पळी तापवायची, गोळा तिच्यावर घासायचा आणि तो चटका देणारा थेंब भेगेत सोडायचा. माणूस दोन शब्द बोलून जातो, पण दुसऱ्या दिवशी भेग मिटायला लागलेली असते. निफाडात त्याला कोणी ओळखत नव्हतं. एकदा दुसऱ्या पोऱ्यानं अर्धा गोळा ग्रीस समजून पंपाच्या ग्लँडला चोळला. पंप उत्तम चालला, असं मामा पुढे बरीच वर्षं सांगत.

पण सांगायचं होतं ते त्या रात्रीचं.

द्राक्षमणी भरायच्या दिवसांत पारा घसरला की बागाईतदाराची झोप उडते. मण्यांना तडे जातात, वाढ थांबते. मग बांधाबांधावर धुराच्या शेकोट्या पेटतात आणि पहाटे बागेला पाणी सोडतात. विहिरीच्या पोटातलं पाणी त्या वेळी हवेहून कितीतरी कोमट असतं, पाटात आलं की त्यातून वाफ निघते. म्हणजे बाग पाण्यानं शेकायची. पण मळ्यांवर वीज रात्रीची नसायची आणि सगळी भिस्त डिझेल इंजिनावर. तसं एक पाच हॉर्सपॉवरचं इंजिन रात्री नऊला बैलगाडीतून आलं. नोझल चोंदलेलं. मालक गाडीतून खाली उतरलाच नाही, घोंगडीतून फक्त म्हणाला, "पाचाच्या आत पाणी पाहिजे, मिस्त्री."

मामांनी नोझल साफ केलं, दाब तपासला. शेवटचा पाइप लावायचं काम माझ्याकडे आलं. बारीक आट्यांचा पितळी रंगाचा नट. तो कसा लावायचा हे मला दहादा शिकवलेलं. आधी उलटा फिरवायचा, हळूच. आट्याचं तोंड आट्याला भेटलं की बोटांना एक 'टक्' लागतं. ऐकू येत नाही, लागतं. मग सुलटा. माझी बोटं तेव्हा अर्धा तास डिझेलमध्ये बुडवून गोठलेली. मी उलटा फिरवला, टक् लागलं असं मीच ठरवलं आणि पाना लावला. नट फिरला. अडखळत फिरला, तरी मी रेटला.

आटे गेले. नटाचेही आणि पंपावरचेही.

मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बल्ब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धर. दोन्ही हातांनी धर." मग तिकोनी कानस घेतली आणि पंपावरचा एकेक आटा उघडत बसले. भंगारातून त्याच मापाचा जुना पाइप काढला, फुंकून बघितला. दीड तास गेला. मी जाळीवर तळवे दाबून उभा. आधी काही कळेना, मग मुंग्या आल्या, मग अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मामांनी तेवढ्यात वर बघून विचारलं, "आली बोटं?" मी मान हलवली. त्यांनी नवा नट माझ्यापुढे धरला. उलटा फिरवला. टक्.

इंजिन परत गाडीत चढवून आम्हीही मळ्यावर गेलो. साडेचार झाले होते. कडाक्याच्या थंडीत डिझेल इंजिन सुखासुखी पेटत नाही. हवेच्या तोंडाशी रॉकेलचा पेटता बोळा धरला, मालकानं हँडल मारलं, मामांनी डिकॉम्प्रेशन सोडलं. दोनदा नुसता पांढरा धूर. तिसऱ्यांदा भुक्, भुक्, आणि मग ते चालू राहिलं. खाली विहिरीत पाइपानं पाणी ओढलं. पाटात वाफ दिसायला लागली. बागेच्या टोकाशी शेकोटीपाशी बसलेलं कोणीतरी उठून बारं द्यायला धावलं.

अशा इंजिनातून थंडाव्याचं पाणी एका बारीक नळीनं बाहेर पडतं. थोड्या वेळानं ते चांगलं कढत होतं. मला वाटलं, मामा आता त्यात हात शेकतील. त्यांनी स्वेटर काढला, शर्ट काढला, बनियन काढलं आणि चड्डीवर त्या नळीखाली बसले. अंगातून वाफा निघत होत्या. पहाटेच्या पाचाला, निफाडात, जानेवारीत.

"अहो, साबण आहे का?" त्यांनी मालकाला विचारलं.

मालक इंजिनाच्या आवाजातून ओरडला, "कपड्याचा आहे."

"चालंल."