महिन्याला एक सेंटीमीटर

पुरुषाने केस वाढवले की साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, "काय ओ, नवस बोललाय काय?" दुसरा जरा आवाज उतरवून, "घरी सगळं बरं आहे ना?" मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. काउंटरच्या पलीकडून हे दोन्ही प्रश्न इतक्यांदा आलेत की आता पासबुकातून मान वर न काढताच उत्तर देतो. नवस नाही, घरी बरं आहे.

खरं कारण सांगण्याजोगं काही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सलूनं बंद झाली. २८ जूनला महाराष्ट्रात ती उघडली, तीसुद्धा केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांपुरती. दाढीला परवानगी नव्हती. माझ्या नेहमीच्या न्हाव्याचा फोन आला, "साहेब, या, गर्दी नाही." मी गेलो नाही. कान झाकले गेले होते, मानेवर बटा आल्या होत्या आणि वयाच्या शेहेचाळिशीत पहिल्यांदाच माझे केस कुरळ्याकडे झुकणारे आहेत हे मला कळलं होतं. शाळेपासून ते तेवढे वाढूच दिले नव्हते कुणी. म्हटलं, बघू तरी किती होतात.

पुढचं दीड वर्ष फार वाईट गेलं. डोक्यावरचे सगळे केस साधारण एकाच चालीने वाढतात, महिन्याला सेंटीमीटरभर, फार तर सव्वा. पण सगळ्यांना सारखं अंतर काटायचं नसतं. मानेवरच्या केसाला खांद्यापर्यंत यायला दहाएक सेंटीमीटर पुरतात. कपाळावरच्याला नुसती हनुवटी गाठायला वीसेक लागतात. म्हणजे पुढचे केस मागच्यांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे. या काळात मागे कॉलरवर शेपटी लोंबत असते आणि पुढच्या बटा धड डोळ्यांवरून हटत नाहीत, धड कानामागे थांबत नाहीत. व्हाउचर तपासायला मान खाली घातली की आकडे दिसेनात. केस वाढवायला निघालेले बहुतेक पुरुष इथेच हात टेकतात, असं माझं ठाम मत आहे. त्यांची चिकाटी कमी पडते असं नाही. त्यांना केसांचे आकडे लावायला कुणी शिकवलेलं नसतं.

मला बायकोने शिकवलं. आकड्याची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, हेही मला ठाऊक नव्हतं. ती हसली, मग म्हणाली, "अहो, आमचं बरं असतं. कळायला लागायच्या आधीच वेण्या घातलेल्या असतात. वाढायची वाट बघायला लागतच नाही." हे मी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. लांब केसांबद्दल घराघरांत जे ज्ञान आहे ते केस टिकवण्याचं आहे. बॉयकटपासून वेणीपर्यंत कसं जायचं, हे फारसं कुणाला करावंच लागत नाही, त्यामुळे सांगणारंही कुणी नसतं.

दुसरी मदत न्हाव्याची झाली. मी पुन्हा त्याच्याकडे जाऊ लागलो ते फक्त मानेवरचे केस कमी करून घ्यायला, म्हणजे पुढच्यांना मागच्यांची बरोबरी करता यावी. वाढवण्यासाठी कापायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. आई मात्र खूश झाली. कापल्याने केस जोमाने वाढतात यावर तिची श्रद्धा आहे. तसं काही नसतं. कात्री टोकाला लागते, वाढ मुळाशी होते, आणि मुळाला टोकाची खबरही नसते.

मोजण्याचं खूळ धंद्यामुळेच लागलं. दर रविवारी कपाळावरची एकच बट ताणून टेपने मोजायची आणि वहीत लिहायची. आठवड्याची वाढ अडीच मिलिमीटरच्या आसपास. बट कमी-जास्त ताणली गेली तरी तेवढा फरक पडतो. त्यामुळे वहीत कधी केस वाढलेले, कधी घटलेले, एकदा तर पाऊण सेंटीमीटर घटलेले. कुरळ्या केसांची गंमत अशी की अंघोळीनंतर ओले असताना ते खांद्याला टेकतात आणि वाळले की पुन्हा कानाशी गोळा होतात. दिवसाला महिनाभराची प्रगती होते आणि तासाभरात परत जाते. मी वही बंद केली. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक फोटो आणि दिवाळीला एक, इतकंच ठेवलं.

मग एप्रिल २०२१ आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचं अख्खं घर आजारी पडलं. मला चांगला सणसणीत ताप होता, आठवडाभर. बरा झालो, कामावर गेलो, केस जागेवर होते. आणि जुलैत, सगळं विसरल्यावर, ते गळायला लागले. मोरीच्या जाळीवर गुंता, उशीवर केस, जेवताना ताटात केस. रोज पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच असतं, पण हे मुठीने येत होते. एवढं सोसून वाढवलेलं डोळ्यांदेखत निघून चाललं होतं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती; त्या उन्हाळ्यात लोकांची माणसं गेली होती.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी बोटांत बट धरून हलकेच ओढली. हातात आलेल्या केसांची टोकं दाखवली. मुळाशी पांढरा ठिपका. त्यांनी समजावलं ते असं: प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, मग तीनेक महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. एरवी दहातले साडेआठ-नऊ केस वाढत असतात. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार असं काही झालं की शरीर बऱ्याच केसांना एकदम थांबवतं. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. "आज जाळीवर दिसतोय तो केस एप्रिलमध्येच थांबलेला आहे. त्याच्या खाली नवा सुरू झालाय, तोच याला ढकलतोय," असं त्या म्हणाल्या.

रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. मी मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या तपासणीआधी काही दिवस बंद करायला लावल्या, कारण त्यांच्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. शरीरात कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी केस वाढत नाहीत, असंही सांगितलं. लोह थोडं कमी निघालं, त्याची औषधं झाली. दिवाळीच्या सुमाराला गळणं ओसरलं आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे राहिले. कुठल्याही तेलाने बसेनात. त्यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली होती, म्हणूनच माझी पोनी अजूनही वर जाड आणि खाली बारीक आहे.

यानंतर मी वाढीच्या मागे लागणं सोडलं. पतसंस्थेच्या भाषेत सांगायचं तर जमेची बाजू आपल्या हातात नव्हती. हातात होता तो खर्च. आणि खर्च नीट पाहिला तर बराच होता. पंचाने खसाखसा डोकं पुसणं. ओल्या केसांवर बारीक फणी. हेल्मेटच्या आत घासली जाणारी टोकं. ऑफिसात नोटांच्या गड्ड्यांचे रबर पडलेले असतात, त्यांतलाच एक लावायचा. तो सुटताना पाच-सहा केस तोडूनच सुटतो. मुळाशी महिन्याला सेंटीमीटरभर येत असताना टोकाला तेवढंच तुटत असेल, तर माणूस म्हणतो माझे केस वाढतच नाहीत. वाढत असतात. आता जाड दातांचा कंगवा आहे, खालून वर विंचरत येतो, हेल्मेटखाली सुती रुमाल बांधतो.

तेलाबद्दल घरात अजून दोन तट आहेत. आई माका खोबरेलात उकळून तेल करते आणि झालेल्या सगळ्या प्रगतीचं श्रेय त्या बाटलीला देते. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, इतपत खरं आहे. वेग त्याने वाढत नाही. आईला मी यातलं पहिलं वाक्यच सांगितलं आहे.

कुठपर्यंत, हा प्रश्न आता लोक विचारतात. त्याचंही उत्तर केसांकडेच आहे. भुवयांचे केस काही महिनेच वाढून थांबतात म्हणून त्या नाकावर उतरत नाहीत. डोक्यावर हा काळ दोन ते सहा वर्षं, ज्याचा त्याचा ठरलेला. माझा चार वर्षांचा असेल तर अठ्ठेचाळीस-पन्नास सेंटीमीटरला गाडी आपोआप थांबणार, म्हणजे कंबर नाहीच. सध्या ओले असताना पाठीच्या फऱ्यांपर्यंत येतात. अंबाडा बसतो, एका काडीवर टिकतोसुद्धा.

आता आईचं नवं म्हणणं आहे की वाढवलेत तर वाढवलेत, निदान रंगव तरी. बरेच पांढरे झालेत. इतके दिवस मी नाही म्हणत होतो, कारण रंग लावला की महिन्याभरात भांगात सेंटीमीटरभर पांढरी रेघ उघडी पडते. परवा विचार केला, पुढच्या महिन्यात दोन, त्याच्या पुढच्या महिन्यात तीन. टेप नको, फोटो नको. बायकोला म्हटलं, एकदा लावून बघायला हरकत नाही. ती म्हणाली, "अहो, लोक रेघ लपवायला पैसे घालवतात."

मेहंदी नको, काळाच आण, असं सांगून मी तिला पैसे दिले.