यादी आधी, ओळ नंतर

गावच्या दूध डेअरीच्या नोंदी वाचणारा छोटा पार्सर मी बायसन हे पार्सर तयार करणारं साधन वापरून लिहिला. एका ओळीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि शेवटी रकमेचा हिशेब. एक ओळ वाचण्याचा नियम लगेच जमला. पण अशा ओळी किती येतील, हे आधी कसं सांगणार? बायसनच्या नियमांत ‘पुन्हा पुन्हा’ सांगणारी खूणच नाही. १९६० च्या अल्गोल भाषेच्या अहवालातल्या, व्याकरण लिहिण्याच्या बॅकस-नाउर पद्धतीतही ती नव्हती. तिथे नियमाला स्वतःचंच नाव घ्यावं लागतं.

मी आधी कागदावर मराठीत लिहिलं: यादी म्हणजे काहीच नाही, किंवा आधीची यादी आणि तिच्यामागे एक ओळ. एवढ्याशा वाक्यात संकलन बंद असलेल्या दिवसाची कोरी फाईलसुद्धा बसते. हा नियम मला फार सुंदर वाटतो.

‘ओळ’ आधी आणि ‘यादी’ मागे लिहिली तरी त्याच फाईली मान्य होतात. फरक आत पडतो. तसं लिहिलं, तर फाईल संपेपर्यंत एकही ओळ यादीत मिटत नाही. सगळ्या स्टॅकवर साचतात, आणि बायसनच्या स्टॅकची मुळातली मर्यादा १०,००० आहे. यादी आधी असली की ओळ आली, यादीत मिसळली, स्टॅक पुन्हा तेवढाच. ट्रेस चालू करून मी हे चढणं-उतरणं कितीतरी वेळ बघत बसलो. (हातानं लिहिलेल्या, वरून खाली उतरणाऱ्या पार्सरला मात्र हाच नियम न संपणाऱ्या फेऱ्यात अडकवतो. तिथे सरळ लूप लिहावा.)

रकमेच्या हिशेबात तर बाजू बदलली की पैसेच बदलतात. दुधाचे १००० रुपये, त्यातून पशुखाद्याचे ४०० वजा, उचलीचे ३०० वजा. डावीकडून जुळवलं तर सभासदाच्या हाती ३०० येतात. उजवीकडून जुळवलं तर आधी ४०० मधून ३०० जातात आणि हाती ९०० पडतात. म्हणून वजाबाकीही डावीकडूनच.

शेवटी ‘ओळ’च्या नियमात आणखी एक पर्याय घातला: चूक, आणि तिच्यामागे ओळीची अखेर. बायसनमध्ये चुकीसाठी राखीव टोकन असतं. लिटरच्या आकड्यात दोनदा टिंब पडलेलं असेल, तर पार्सर ती ओळ संपेपर्यंतचं सगळं टाकून देतो आणि पुढची ओळ नव्यानं घेतो. महिन्याची फाईल चालवली तेव्हा बिघडलेल्या ओळींचे क्रमांक वेगळे छापून आले. ते सचिवांकडे तपासायला दिले आणि बाकी सभासदांची बिलं त्याच संध्याकाळी काढली.